रिकाम्या शेडातलं औषध

आजारातून उठलेल्या माणसाला सगळे विचारतात, आता बरं हाय न्हवं? मी म्हणते, हाय. खरं सांगायचं तर ताप गेला, खोकला गेला, राग तेवढा गेला नाही. हे लिहायला बसले ती त्या रागापायीच. शेडात, गोठ्यात, मेंढरांत राबणारं कोणी वाचत असेल तर त्याच्या उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे. जंतूंचे प्रकार आणि गोळ्यांची नावं मला विचारू नका.

आमचं गाव इस्लामपूरपासून जवळच. उसाच्या मधोमध आमच्या कोंबड्यांच्या दोन शेड आहेत, एक आमची आणि एक धाकट्या दिराची. कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषधं देते, आम्ही पक्षी वाढवून देतो. मी आणि माझी जाऊ पूनम, दोन्ही शेडचं काम आमच्याच अंगावर. पडदे वर-खाली करा, पाण्याची भांडी धुवा, खाली अंथरलेला भाताचा तूस हलवा, सकाळी मेलेले पक्षी वेचा. पुरुष माणसं खाद्याच्या गाडीला आणि कंपनीच्या साहेबाला सामोरी जातात. माझं माहेर जतचं. वडील मेंढरं राखायचे, त्यामुळं जनावरातल्या वासाची आणि घाणीची मला कधी किळस आली नाही. पूनम साताऱ्याकडची, खटावातली. ती लग्न होऊन आली तेव्हा पिल्लू हातात धरायला भ्यायची. नंतर तीच माझ्यापेक्षा चलाख झाली.

तुरे निळे पडले

त्या हंगामात आधी रोजच्यापेक्षा थोडे जास्त पक्षी मेले. मग एका सकाळी शेडात पाऊल टाकायला जागा नव्हती, जिकडंतिकडं मेलेले पक्षी. तुरे निळे पडलेले, माना वाकड्या. पूनम तेव्हा पाचव्या महिन्यात होती. मी तिला म्हटलं, तू आत येऊ नको. ती आलीच. एकटीनं एवढे पक्षी कोण वेचणार होतं?

पुढं सरकारी माणसं आली. पांढरे कपडे घातलेली, नखशिखांत झाकलेली. पक्ष्यांचे नमुने घेऊन गेली आणि काही दिवसांत परत आली ती खड्डा खणणारं यंत्र घेऊनच. पक्ष्यांना बर्ड फ्लू होता. राहिलेले सगळे मारून पुरले, वर चुना टाकला, तूस जाळला. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तोंड फिरवलं आणि ते उसात जाऊन उभे राहिले. मी बघत राहिले. मला वाटलं कोणीतरी बघायला पाहिजे.

जाताना त्यांनी आमची नावं घेतली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की रोज फोन येईल. पक्ष्यांचा आजार माणसाला होतो का, यावर लक्ष ठेवायचं होतं. फोनवर एक ताई असायच्या, आवाजानं तरुण. त्या दोन प्रश्न विचारायच्या. ताप आहे का? खोकला आहे का? आम्ही चौघं आणि सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, असे पाच जण एकाच मोबाईलवरून ओळीनं "न्हाई" म्हणायचो. शाळेतल्या हजेरीसारखं.

आमच्या धंद्यातली खोड

शेडात काम करणाऱ्याला खोकला असतोच. तुसाची धूळ, विष्ठेचा उग्र वास, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. त्याला आम्ही आजार मानत नाही. आणि मानलाच तर औषध शेडातच असतं. पक्ष्यांची छाती घरघरायला लागली की पाण्यातून द्यायचं एक औषध कंपनी देते, पिवळसर, कडूजहर. आमच्याकडचे बहुतेक शेडवाले तेच झाकणात ओतून स्वतः घेतात. कोंबडीची छाती आणि आपली छाती, फरक तो काय, असा हिशेब. माझे वडील मेंढरांच्या खुराला आणलेलं मलम आयुष्यभर स्वतःच्या टाचेला लावत आले. ही खोड कोणत्याही डॉक्टरला माहीत नसते, कारण तो विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही.

माझं अंग मोडून आलं तेव्हा मीही दोन दिवस तेच घेतलं. उतार पडेना म्हणून गावातल्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि व्हायरल आहे म्हणाले. मी काय काम करते हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती म्हणा, दर रविवारी ते आमच्याकडूनच कोंबडी न्यायचे.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. मालकांनी नेहमीप्रमाणं "न्हाई" म्हणून मोबाईल माझ्याकडं दिला. मी म्हणाले, "ताप हाय ताई. खोकला बी हाय. कालपास्नं दम लागतोय."

ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला वाटतं, त्यांना एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी "हाय" म्हटलं असावं. मालक माझ्याकडं असे बघत होते की मी भर चावडीवर काहीतरी बोलून बसले आहे.

मला न्यायला आले तो दिवस

अॅम्ब्युलन्स दुपारी आली. गल्लीच्या तोंडाला थांबली असती तर चाललं असतं, मला चालता येत होतं. पण ती भोंगा वाजवत थेट दारात आली आणि त्यातून पुन्हा तीच पांढरी, झाकलेली माणसं उतरली. सगळ्या आळीनं याआधी त्यांना एकदाच पाहिलं होतं, कोंबड्या मारताना. आता ती मला न्यायला आली होती. माझी मुलगी नववीत शिकते, ती दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही. मी तिला म्हटलं, अगं मला काय पुरायला न्हेत न्हाईत. ती हसली नाही.

सांगलीला एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये मला वेगळ्या खोलीत ठेवलं. नाकातून, घशातून नमुने घेतले. फ्लू आहे एवढं लगेच कळलं. कुठला फ्लू, माणसांचा की पक्ष्यांचा, ते पुण्याच्या प्रयोगशाळेतून कळणार होतं. तोवर मी "संशयित". डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले. मी त्यांना कोंबड्यांच्या औषधाचं सांगितलं तेव्हा त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "हे पुन्हा करू नका आणि बाकीच्यांनाही सांगा." सांगणार कोणाला? माझ्या खोलीत कोणी येतच नव्हतं.

सकाळी ताप बघायचा, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा, गोळ्या, नाश्ता, मग काहीच नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. टाकी भरून वाहायची आणि कोणीतरी मोटर बंद करायचं, ती माझी करमणूक. भीती वाटायची का? वाटायची. श्वास ओढताना छातीत दुखलं की वाटायचं, आपण निळ्या पडलो का? मोबाईलच्या काळ्या काचेत मी माझे ओठ बघायचे. कोंबडीचा तुरा बघायची सवय, दुसरं काय.

एकच सुख होतं. झाडलोट करायला एक मावशी यायच्या, जतच्या सीमेवरच्या गावातल्या. माझं माहेर कळल्यावर त्यांनी दारातूनच कानडीत विचारलं, "ऊटा आतेन?" जेवलीस का, एवढंच. लहानपणी शेजारच्या कानडी बायका असंच विचारायच्या. त्या हॉस्पिटलात मला तापाबद्दल सगळ्यांनी विचारलं, जेवणाबद्दल फक्त त्यांनी. मी तोंडाला पदर लावून रडले.

दूध परत आलं

गावातलं जे कळायचं ते मालकांच्या फोनवरून. डेअरीनं आमचं दूध घ्यायचं थांबवलं होतं. म्हशीचा आणि या आजाराचा काय संबंध? पण दूध परत यायचं आणि आत्या ते गटारात ओतायच्या. मुलीला शाळेतून सांगितलं होतं की थोडे दिवस घरीच थांब. गिरणीवाला आमचं दळण दाराबाहेर ठेवायला सांगायचा. आणि या सगळ्याचं कारण कोण, तर मी. कोंबड्या मेल्या तेव्हा लोक हळहळले होते. मी "हाय" म्हटल्यावर लोक चिडले.

आत्या फोनवर म्हणाल्या, "पोरी, घरातलं घरात ठेवायचं हुतं. ताप काय कुणाला येत न्हाई व्हय?" त्यांनी मला बोल लावला, पण डबा पाठवायचं एक दिवसही चुकवलं नाही, हेही लिहायला पाहिजे.

राग मला त्या फोनचा येतो. रोज विचारायचं, ताप आहे का. आणि आहे म्हटलं की भोंगा वाजवत यायचं. घरी जनावर कोण बघणार, पोरगी कुठं राहील, गावाला कोण समजावून सांगणार, यातलं एक अक्षर नाही. असं वागलात तर दुसऱ्यांदा कोण खरं सांगेल? आमच्या आळीत शेडवाली आणखी तीन घरं. माझी वरात निघालेली बघून त्या सगळ्यांनी काय धडा घेतला असेल, हे सांगायला पुण्याचा रिपोर्ट नको.

झाकणात कुठवर?

पूनमचा रोज एक फोन असायचा. ती माझी जाऊ कमी आणि बहीण जास्त. दोन वर्षांपूर्वी तिचं एक पोटातच गेलं होतं, त्यामुळं या वेळी सगळं घर तिला जपत होतं. त्या दिवशी ती इकडचं तिकडचं बोलली. म्हैस लाथ मारते, आत्यांचा गुडघा दुखतो. आवाज जरा बसलेला वाटला, पण आमच्याकडं रेंज तशीच आहे. ठेवता ठेवता तिनं विचारलं, "आक्का, ते पिल्लांचं छातीचं औषध झाकणात कुठवर घ्याचं ओ?"

मी म्हटलं, "निम्मं." आणि फोन ठेवला. पक्ष्यांच्या पाण्यात टाकताना रोज सांगायची सवय, तोंडातून आपोआप निघालं.

मग मावशींनी आत्यांचा डबा दारातून आत दिला. भाजी-भाकरी खाता खाता माझा घास हातातच राहिला. शेड रिकाम्या होत्या. दोन्ही. एक पिल्लू शिल्लक नव्हतं. मग हिला औषध कोणासाठी पाहिजे होतं?

मी परत फोन लावला. आधी म्हणाली, शेजारणीनं मागितलंय. शेजारणीच्या कोंबड्याही पुरल्या होत्या, ते मी आठवण करून दिलं. मग गप्प झाली. त्या गप्प राहण्यात मला तिचा श्वास ऐकू आला. भात्यासारखा.

मी म्हटलं, "किती दिस झालं?"

"आक्का, तुमी खरं सांगितलासा. काय मिळालं तुमास्नी? मला त्या गाडीत न्हाई बसायचं. ह्या टायमाला माझं बाळ मला पायजे. तुमी कुणाला बोलू नगासा, माझी आन हाय."

तिनं आण घातली आणि फोन बंद करून टाकला. दिराला लावला, तो म्हणाला थोडी सर्दी आहे, उगाच बाऊ नको. मालक म्हणाले तू आधी बरी हो. त्यांना सगळ्यांना खरंच वाटत होतं की ते पूनमला वाचवतायत. घरातला एकही माणूस वाईट नव्हता. म्हणूनच मला इतका संताप आला.

मी फार विचार केला असं नाही. आण मोडली तर ती मला आयुष्यभर माफ करणार नाही हे माहीत होतं. आण पाळली तर तिला आयुष्य उरेल का, हे माहीत नव्हतं. मी बेल दाबली, सिस्टर दारात आल्या आणि मी त्यांना पूनमचं नाव सांगितलं, महिना सांगितला, ती काय पितेय ते सांगितलं. एकच विनंती केली, भोंगा वाजवू नका. सिस्टरनी ताईंना फोन केला. का कोण जाणे, पण त्या वेळी गाडी भोंग्याशिवाय गेली आणि आळीच्या बाहेरच थांबली. म्हणजे करता येत होतं तर.

पलीकडचा वॉर्ड

पूनमला त्याच हॉस्पिटलात आणलं. मला भेटता येत नव्हतं. मावशी झाडू मारता मारता बातमी द्यायच्या, आज मास्क लावलाय, आज डोळे उघडले, आज नवऱ्यावर ओरडली. ओरडली म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. डॉक्टर मला म्हणाले की पोटुशी बाईला फ्लू फार लवकर छातीत उतरतो आणि अजून थांबला असता तर दोन्ही जीव हातचे गेले असते. बाळाचे ठोके चांगले होते.

मग पुण्याचा रिपोर्ट आला. कोणीतरी फोनवर माझं नाव चुकीचं वाचलं आणि सांगितलं की पक्ष्यांचा फ्लू नाही. माणसांचाच, दर वर्षी येतो तो. पूनमलाही तोच. एवढंच. हे गावात येऊन कोणी सांगितलं नाही, डेअरीला सांगितलं नाही, शाळेला सांगितलं नाही. मालक म्हणतात, नमुने घ्यायला आलेला एक जण मास्क काढून शिंकत होता, त्याच्याकडूनच आला असेल. असेलही. मला आता त्याचं काही वाटत नाही. साध्या फ्लूनं माझी जाऊ मरता मरता वाचली, हे मात्र वाटतं. तिला ते पिवळं औषध पाजलं नव्हतं कोणी. तिला भीती पाजली होती.

घरी आल्यावर पूनम माझ्याशी बोलली नाही. एका चुलीवर स्वयंपाक, पण माझ्या हातचा चहा घ्यायची नाही. सातव्या महिन्यात ती खटावला माहेरी गेली. मुलगा झाला, धडधाकट. बारशाचं आमंत्रण मालकांना आलं, मला नाही. मी त्यांच्याबरोबर अंगडं-टोपडं पाठवलं आणि रिकाम्या शेडात जाऊन भांडी घासत बसले. तिथं रडलं तर कोणी विचारत नाही.

परवाची गोष्ट

नवी पिल्लं यायला बरेच महिने गेले. तोवर पूनमही बाळाला घेऊन आली होती. शेडात आम्ही पुन्हा बरोबर काम करायला लागलो, कामापुरतं बोलायला लागलो. पडदा ओढा. पाणी झालं. एवढंच.

परवा सकाळी मी भाकरी थापत होते. पूनम दारात येऊन थांबली, आत आली नाही. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. बाळ आत्यांकडं दिलं होतं. तिच्या हातात पक्ष्यांच्या औषधाची नवी बाटली होती, तिनं ती उंबऱ्यावर ठेवली. सील फोडलेलं नव्हतं.

"आक्का," ती म्हणाली, "रातीपास्नं अंग तापलंय. हे घ्यू वाटलं. न्हाई घेतलं."

मी हात धुवून ताईंचा नंबर लावला. आता तो नंबर लागतच नाही. दुसरा होता तो नुसता वाजत राहिला. तेव्हा रोज ज्यांनी आम्हाला खरं बोला म्हणून सांगितलं, त्यांना आज खरं सांगायचं होतं तर ऐकायला कोणी नव्हतं. मी मोबाईल चुलीत टाकणार होते. मालकांनी मुकाट्यानं गाडी काढली.

इस्लामपूरच्या दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर आला. डॉक्टर नवीन होते, मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, काय होतंय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पूनमनं माझं मनगट धरलं आणि स्वतःच बोलली.

"सायेब, आदी ऐका. आमी कोंबड्यांत काम करतो. मला ताप हाय, आन् माझं बाळ अंगावर पितंय."

डॉक्टरांनी मान वर केली, खुर्ची मागं सरकवून मास्क लावला आणि आमच्या शेडात पक्षी मरतायत का ते विचारलं. पूनम सगळं सांगत होती. माझं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं.